नळीतला हेन्री

सेवाग्राम,
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

ती. माणिककाकांस,
शाल्मलीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण तुमचा कान. काल ठाण्यात तुम्हाला किती वेळ बसवून ठेवलं, असं मी तीनदा विचारलं आणि तुम्ही तीनदा सांगितलंत की हरभरा घाट्यावर आला आहे. कानातलं मशीन शिट्टी मारत होतं तेही मला ऐकू आलं. शिवाय काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात.

वकील प्रभाकरराव म्हणाले की सगळी हकीकत क्रमानं लिहून द्या. मी लिहिली आहे. देण्याआधी तुम्ही तपासावी म्हणून इथे उतरवते. आबा ५ डिसेंबरला गेले. त्यांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना होता आणि रानडुकरं हाकलायला एक बंदूक होती. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला की वारसानं बंदूक ठाण्यात जमा करून अर्ज द्यायचा असतो. अर्ज मी लिहिला, कारण घरातले सगळे अर्ज मीच लिहिते. २ जानेवारीला तुम्ही बंदूक आणि अर्ज घेऊन गेलात. परवान्यावर लिहिलं होतं, एकनळी बंदूक, बारा बोर. माझ्या अर्जात लिहिलं होतं, मार्टिनी-हेन्री रायफल, नग एक. हवालदारांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं की ही जर रायफल आहे, तर परवान्यावरची बंदूक कुठे आहे. तुम्ही म्हणालात की हीच ती. ते म्हणाले की मग कागदावर सही कोणाची आहे.

बंदुकीवरच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे आबांच्या हाताखाली घासून गेलेले. दर निवडणुकीला बंदूक जमा केल्याच्या पावत्या आहेत, पण त्यांवर नुसतं ‘बंदूक एक’ आहे. म्हणून पोलिसांचा संशय वाढला की परवान्याची बंदूक आपण दडवली आणि ही विनापरवाना रायफल निराळी. दोन दिवस कोठडी, मग जामीन, आणि आता दर सोमवारी हजेरी. बंदूक कापडात शिवून, लाखेचं सील लावून ठाण्याच्या मालखान्यात आहे. तज्ज्ञाचा अहवाल नागपूरहून येईल तेव्हा येईल. तोवर कोर्टाच्या हुकमाशिवाय ते सील कोणी उघडणार नाही. प्रभाकरराव म्हणाले की ती फौजी बनावटीची रायफल ठरली तर शिक्षा वर्षांत मोजतात.

इथवर बरोबर आहे का ते बघा. पुढचं एक वाक्य तुम्ही खोडायला सांगाल हे मला माहीत आहे: अर्ज माझ्या हातचा आहे, काकांनी न वाचता सही केली. ते मी खोडणार नाही. मला ठाण्यात जाऊन तसा जबाब द्यायचा आहे.

काका, परवाना माझ्या समोर होता. मी तो वाचला होता. मला वाटलं की सरकारनं अपुरं लिहिलं आहे, आपण पूर्ण करावं. आबा सांगत ना, वस्तूचं पूर्ण नाव लिहावं, अर्धं नाव म्हणजे अर्धं खोटं. मी पूर्ण नाव लिहिलं आणि तुम्हाला कोठडीत पाठवलं. इस्पितळातल्या नोंदी विभागात आता मी पेशंटचं नावही चार चार वेळा ताडून बघते. काल शेजारच्या टेबलावरची सपना मला म्हणाली की अगं, तो बरा होऊन घरी जाईल, तुझं ताडणं संपायचं नाही.

काकू फोनवर येत नाही. तिला नमस्कार सांगा, ती घेवो न घेवो.

माझ्यावरचा लोभ सध्या मागायला मला तोंड नाही. जेवढा उरला असेल तेवढा जपून ठेवा.

तुमची,
शाल्मली


टेंभरी, ता. हिंगणघाट,
२८ जानेवारी २०२५

चि. शाल्मलीस,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. हकीकत बरोबर आहे. फक्त कोठडीत दोन दिवस लिहिलंस, ते दीड दिवस होते. तुझ्याच शिस्तीनं सांगतो, पूर्ण लिहायचं तर बरोबर लिही.

जबाबाचं डोक्यातून काढून टाक. सही माझी आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं कागद न वाचता सही केली ती त्याची चूक, लिहिणाऱ्याची नाही. तुला नाव दिलं तर ते मला सोडतील असं थोडीच आहे, सोमवारी एकाच्या जागी दोघं बाकावर बसू. तुझी नोकरी अजून पक्की व्हायची आहे. हे मी रागानं लिहीत नाही.

तुझी काकू मात्र रागात आहे, ते लपवून काय करू. ती म्हणते की लिहिणारी सावलीत अन् सही करणारा उन्हात. मी म्हटलं की अगं, जानेवारीतलं ऊन आहे, बरं वाटते. तर त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

गावाला विषय मिळाला. आटाचक्कीवर बंडूजीनं सगळ्यांसमोर विचारलं, काहो रायफलवाले, डुकरं मारता का रणगाडे? मी हसलो. हसणं भाग होतं. पण तुझ्या आबांनी ज्या गावात पस्तीस वर्षं पोरं शिकवली, तिथं त्यांच्या पोराला रायफलवाला म्हणतात, हे घरी आल्यावर गिळायला जड गेलं. डुकरांना मात्र बंदूक मालखान्यात गेल्याचं बरोबर समजलं. वरच्या तुकड्यातला हरभरा कळपानं येऊन लोळवला. मी डबा वाजवत फिरतो. डब्याला ती भीत नाहीत, माझ्याचसारखी बहिरी झाली असावीत.

एक गोष्ट मला टोचून राहिली आहे. काल हजेरीला गेलो तेव्हा हवालदारांनी सहज विचारलं की माणिकराव, मार्टिनी-हेन्री म्हणजे तरी काय, एका माणसाचं नाव का दोघांचं? लहानपणापासून घरात ऐकलेलं नाव, आणि अर्थ माहीत नाही. तुला आबांनी सांगितला होता का? मला तर त्या नावाचं एकच आठवते, ते तुला पुढेमागे सांगीन.

हे सांगू शकेल असा एकच माणूस आहे. आष्टीचे प्रेमदासजी. पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. दर दिवाळीला यायचे, बंदूक उघडून तेल द्यायचे आणि आबांशी वाद घालून जायचे. आता ऐंशीच्या घरात आहेत. तेही बहिरे, बंदुका तपासून तपासून. फोन करू नकोस, दोन बहिऱ्यांचा अनुभव तुला पुरे. पत्र लिही.

तब्येत सांभाळ. जिने चढताना थांबत जा. लोभ कमी झाला का म्हणून पुन्हा विचारशील तर मशीन काढून ठेवीन.

तुझा काका,
माणिक


सेवाग्राम,
१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय प्रेमदास आजोबांस,
सप्रेम जय भीम. सा. न. वि. वि.

मी टेंभरीच्या बंडोपंत गुरुजींची नात शाल्मली. तुम्ही मला पाहिलं आहे, पण तेव्हा मी फार लहान आणि फार आजारी होते. ओठ निळे पडायचे म्हणून शाळेत घातलं नव्हतं. आईबाबा नोकरीनिमित्त गडचिरोलीकडे आणि इस्पितळ सेवाग्रामला, म्हणून मी आबांकडे राहिले. चौथीपर्यंतचं सगळं त्यांनीच घरी शिकवलं. तुम्ही आणलेल्या तेलाच्या बाटलीचा वास मला अजून आठवतो.

आबा गेल्याचं तुम्हाला समजलं असेल. त्यानंतर जे झालं ते सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. थोडक्यात, आमच्या बंदुकीला मी अर्जात मार्टिनी-हेन्री रायफल म्हटलं, परवान्यावर तसं नाही, आणि त्यावरून माणिककाकांवर बेकायदा शस्त्राचा गुन्हा दाखल झाला आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे नाव कुठून आलं आणि त्याचा अर्थ काय? आमची बंदूक खरोखर ती आहे का? आणि ती असेल तर तुम्ही तसं स्पष्ट लिहा. माझ्यावर दया म्हणून काही मऊ करू नका. काका दोषी असतील तर तेही मला माहीत असायला हवं.

आगाऊपणाबद्दल क्षमा असावी. आबांवरच्या तुमच्या मायेतला थोडा वाटा आमच्या वाट्याला यावा, एवढीच विनंती.

आपली,
शाल्मली


आष्टी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. शाल्मलीबाईस,
प्रेमदासचा जय भीम अन् आशीर्वाद.

तुझं पत्र नातीनं वाचून दाखवलं, मग मीही भिंग लावून वाचलं. तुझं अक्षर गुरुजीचंच आहे. मले शुद्ध लिहिता येते, पण बोलतो तसं लिहिलं म्हणजे हात थांबत नाई, म्हणून तसंच लिहितो.

मार्टिनी-हेन्री हे एका माणसाचं नाव नाई. दोन माणसं. दोघं एका बाकावर बसून काम करून राह्यले होते असंही नाई. मार्टिनी हंगेरीकडे जन्मला, पुढं स्वित्झर्लंडात कारखाना टाकला. त्याचं काम बंदुकीच्या मधल्या पेटीतलं. मुठीखाली जी लांब कडी असते ती खाली ओढली का आतला ठोकळा खाली बसते, वरून काडतूस घालायचं, कडी वर केली का ठोकळा तोंड बंद करते. एवढं झालं मार्टिनीचं. हेन्री हा स्कॉटलंडातल्या एडिंबरा शहराचा बंदूकवाला. त्याचं काम नळीच्या आतलं. नळीच्या आतून त्यानं सात आटे पाडले, स्क्रूले असतात तसे पण लांब लांब. गोळी त्यातून फिरत निघते म्हणून सरळ जाते. इंग्रजानं एकाची पेटी घेतली, दुसऱ्याची नळी घेतली, १८७१ साली फौजेले दिली, अन् दोघांची नावंही तशीच जोडून टाकली.

पुढं त्याच पेटीले मेटफर्डच्या आट्यांची नळी लावली, तं तिले मार्टिनी-मेटफर्ड म्हणू लागले. एन्फिल्डची लावली, तं मार्टिनी-एन्फिल्ड. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलते ना, तसं नळी बदलली का मागचं नाव बदलते. पुढचं तेच राहते.

एक तिसराही होता, पीबॉडी नावाचा अमेरिकन. मूळ ठोकळा त्याचा. मार्टिनीनं तो सुधारला. पण नाव ठेवताना पीबॉडीले कोणी विचारलं नाई. शस्त्रागारात नवा होतो तेव्हा साहेबानं हे शिकवलं, अन् पन्नास वर्षांत बाकी लय विसरलो पण पीबॉडी विसरलो नाई. आमच्यासारख्याले अशा गोष्टी ध्यानात राह्यतात.

आता तुझ्या कामाचं. नळीत आटे असले तं रायफल. आटे नसले तं ती बंदूक, छर्ऱ्याची. तुमच्या घरची मी दहा-बारा वेळा उघडली. तिची पेटी मार्टिनी पद्धतीची आहे, शंभर टक्के. पण नळी बारा बोरची, म्हणजे छर्ऱ्याच्या काडतुसाच्या मापाची, आतून काचेच्या पेल्यासारखी गुळगुळीत. विलायतेत तशा बंदुका मुद्दाम बनवत, शिकारीसाठी अन् पहाऱ्यासाठी. तिच्यात मार्टिनी आहे. हेन्री नाई. परवान्यावर लिहिलं तेच बरोबर. तुझा काका निर्दोष आहे. मी कोर्टात येतो सांगाले, काठी धरून येतो.

तू म्हणशील मग गुरुजी तसं काऊन म्हणत. त्यायनं कुठल्याशा जुन्या ज्ञानकोशात चित्र पाहिलं होतं, कडी सारखी दिसली, नाव उचललं. मी त्यायले सांगितलं होतं का गुरुजी, हेन्री नाई हिच्यात. पुढचं मले लिहवत नाई. मेलेल्या दोस्ताची गोष्ट आहे.

पाणी उकळून पीत जा. म्हाताऱ्याची आठवण ठेवजो, अन् नाई ठेवली तरी मी तुझी ठेवीन.

प्रेमदास


सेवाग्राम,
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय प्रेमदास आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी प्रभाकररावांना वाचून दाखवलं. पहिल्यांदाच ते खुर्चीत पुढे सरकून बसले. पण म्हणाले की सरकारी वकील विचारतील, साक्षीदार आरोपीच्या वडिलांचा जिवलग, वय ऐंशी, भिंग लावून वाचतो, वीस वर्षांपूर्वी पाहिलेली नळी त्याला आठवते कशावरून? आणि सील उघडा असं कोर्टाला सांगायला काहीतरी कागद हवा. गुन्हा घडायच्या आधीचा, कोणालाही खोटं लिहायचं कारण नव्हतं तेव्हाचा.

असा कागद असेल तर द्या. हे झालं काकांचं.

आता माझं. तुम्ही एका ओळीत लिहिलंत की आबांना सांगितलं होतं. ते वाक्य मी दोन दिवस वाचते आहे. कधी सांगितलं? त्यांना पटलं होतं का? मला घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायला शिकवणारा माणूस, तुरीची डाळ लिही, नुसती डाळ लिहू नको म्हणणारा. त्यांना माहीत असून त्यांनी मला ते नाव तसंच ठेवू दिलं असेल, तर अजून काय काय मी चुकीचं पाठ करून बसले आहे? कामावर हात चालत नाही. मला आबांचा राग आलेला नाही. येईल की काय याची भीती वाटते.

तुम्ही मेलेल्या मित्राची बाजू घेता ते मला समजतं. पण काका जिवंत आहेत आणि सोमवारी बाकावर बसतात.

कठोर लिहिलं गेलं. मोठ्या मनानं पोटात घाला.

शाल्मली


आष्टी,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. शाल्मलीबाईस,
आशीर्वाद.

तू कठोर नाई लिहिलं, बरोबर लिहिलं. तुझं पत्र आल्यापासून ट्रंक उघडी ठेवून बसलो होतो. गुरुजीची एकूण एकवीस कार्डं निघाली. वीस माझ्यापाशी ठेवतो. एक तुले पाठवतो, नात हे पाकीट डाकेत रजिस्टर करते. त्याच्यावर डाकघरचा शिक्का आहे, तारीख आहे. वकिलाले हेच लागते.

तुझ्यापासून लपवलं ते बंदुकीसाठी नाई. त्यात तुझं नाव आहे अन् माणिकचंही. गुरुजी ते स्वतः सांगणार होते. ऑपरेशन झाल्यावर मी एकदा विचारलं, तं म्हणे पोरीचा टाका अजून ओला आहे. चार-पाच वर्षांनी पुन्हा विचारलं, तं म्हणे आता ती शाळेत निबंध लिहिते, त्यात बंदुकीचं नाव आहे, बक्षीस मिळालं. मग मी विचारणं सोडलं. माणूस वाईट नव्हता, बाई. त्याले पोरांसमोर चुकता येत नव्हतं, एवढंच.

कार्ड बसून वाचजो, चालता चालता नको. वाचून झालं का दोन ओळी टाकजो, म्हणजे माझा जीव खाली पडेल.

प्रेमदास

[सोबतचं पोस्टकार्ड]

टेंभरी, १२ जुलै २००६

प्रिय प्रेमदास, स. न.

तुमचं परवाचं बोलणं डोक्यातून जाईना. आज काडतूस काढून, नळी उजेडाकडे धरून पाहिली. गुळगुळीत आहे. तुम्ही म्हणता ते खरं, हिच्यात हेन्री नाही. चाळीस वर्षं मी चुकीचं नाव सांगत आलो. माणिक सातवीत असताना नुसतं मार्टिनी म्हणाला, म्हणून अर्धवट बोलतोस म्हणत मी त्याच्या हातावर पट्टी मारली होती. पोरगा बरोबर होता. आता चाळिशीला आलेल्या मुलाला काय सांगावं ते सुचत नाही. शाल्मलीनं हे नाव कालच पाटीवर न चुकता लिहिलं, रफार आणि जोडाक्षरासकट. तिचं पहिलं मोठं नाव. पुढच्या महिन्यात तिचं हृदयाचं ऑपरेशन आहे. तेवढं निभावू दे, मग दोघांनाही सांगेन. डुकरं यंदा फार. तुम्ही दिलेलं तेल पुरतं आहे. आपल्या एकनळीसाठी बारा बोरची काडतुसं तिकडे मिळत असतील तर कळवावं. मुलांना आशीर्वाद.

बंडोपंत


सेवाग्राम,
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

ती. माणिककाकांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत आबांच्या एका पोस्टकार्डाची झेरॉक्स आहे. आधी ती वाचा, मग हे पत्र. मूळ कार्ड माझ्या कपाटात आहे, प्रभाकररावांना अजून दिलेलं नाही.

ते हवं तसंच आहे. शिक्का आहे, तारीख आहे, एकनळी आहे, बारा बोर आहे. हे कार्ड कोर्टात गेलं तर सील उघडेल. पण ते तिथे मोठ्यानं वाचलं जाईल. टेंभरीची माणसं असतील, बंडूजी असतीलच. गुरुजींना माहीत होतं आणि तरी त्यांनी पोरांना चुकीचं शिकवलं, हे गावाला समजेल. आणि तुमच्या हातावरची पट्टीही.

मला वाटायचं की तुम्ही मला ‘पुढेमागे सांगीन’ म्हणालात ते काहीतरी गमतीचं असेल. ते हेच होतं का?

काका, मी तीन वेळा लिहून खोडलं, तेव्हा सरळच लिहिते. तुम्हाला ज्या नावासाठी मार बसला ते बरोबर होतं. मी ज्या नावासाठी शाबासकी घेतली ते चुकीचं होतं, आणि त्याच नावापायी तुम्ही दीड दिवस कोठडीत बसलात. दोन्ही वेळा भरलं तुम्हीच. आबांनी ठरवलं होतं सांगायचं, माझ्यामुळे राहिलं. माझं ऑपरेशन, माझा टाका, माझा निबंध. सगळे माझी छाती सांभाळत राहिले आणि ते ओझं तुमच्या हातावर राहिलं.

मूळ कार्ड द्यायचं की नाही ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर मी ठाण्यात जाऊन अर्ज माझा आहे असा जबाब देईन, त्याला तुमची परवानगी मागणार नाही. यातलं एक होणार. रोज कपाट उघडून ते कार्ड जागेवर आहे ना ते बघते.

आज सोमवार. हे लिहिताना तुम्ही बाकावर असाल.

जो लोभ मला न मागता मिळाला, त्याची आज पहिल्यांदा लाज वाटते. तरी तो काढून घेऊ नका.

शाल्मली


टेंभरी,
२८ फेब्रुवारी २०२५

चि. शाल्मलीस अ. उ. आ.

कार्ड वकिलाला दे. आजच दे.

बाकीचं मागाहून लिहीन. काकूनं झेरॉक्स वाचली, वाचून पदराला हात पुसले. पट्टीचं तिला मी लग्नानंतर सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती की तुम्ही काहीतरी अजून केलं असेल.

ठाण्यात जाऊ नकोस. माझ्या शब्दाला तेवढा मान ठेव.

काका


टेंभरी,
शनिवार, २९ मार्च २०२५

चि. शाल्मलीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

कोर्टाच्या तारखेला तुला रजा मिळाली नाही ते एका परीनं बरं झालं. तू असतीस तर मी धड उभा राहिलो नसतो. प्रभाकररावांनी तुला फोनवर निकाल सांगितला असेल, पण वकील लोक निकाल सांगतात, हकीकत सांगत नाहीत. क्रमानं लिहितो, तू शिकवल्याप्रमाणं.

कार्ड पाहून जजसाहेबांनी आधीच हुकूम दिला होता, की सील कोर्टासमोर उघडा. मुख्यालयातून एक तरुण आर्मोरर आला होता, रुपेश का काही नाव. प्रेमदासजी आष्टीहून दोन एसट्या बदलून आले, पांढरा सदरा, काठी. लाख फोडली, शिवण उसवली आणि कापडातून आबांच्या बंदुकीचा वास आला. तेलाचा. मला तर समोर कोण बसलं आहे त्याचा विसर पडला. आर्मोररनं कडी ओढली, नळी खिडकीकडे धरली, बराच वेळ पाहिलं. मग पोलिसांकडचं रिकामं बारा बोरचं काडतूस घातलं, ते बसलं. म्हणाला की नळीला आटे नाहीत, ही रायफल नव्हे. प्रेमदासजींना ऐकू आलं नाही. त्यांनी पोराचा हात हलवून विचारलं काय म्हणते. त्यानं कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं की आजोबा, हेन्री नाही हिच्यात. सगळं कोर्ट हसलं, हवालदारसुद्धा. म्हातारा हसला नाही. खाली बसला आणि चष्मा पुसत राहिला.

त्याच्या आधी कार्ड वाचलं गेलं. ते तुला मुद्दाम मागे लिहितो आहे. कारकून भरभर वाचत होता, नुसतं एकनळी, बारा बोर एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या मशीननं ऐन वेळी शिट्टी मारली आणि मधली ओळ गेली. झेरॉक्स घरी आहे, मला पाठ आहे, तरी मी हात वर केला. प्रभाकरराव दटावू लागले. मी साहेबांना सांगितलं की मला कमी ऐकू येते, ते मधलं पुन्हा वाचता का. साहेबांनी कारकुनाला खूण केली. मी मशीन काढलं, पुसलं, नीट बसवलं. त्यानं वाचलं. पोरगा बरोबर होता. पंचेचाळीस वर्षांनी बापाचं म्हणणं ऐकलं, तेही सरकारी आवाजात. बंडूजी मागच्या बाकावर होता. बाहेर आल्यावर त्यानं मला रायफलवाले म्हटलं नाही, चहा घ्या माणिकराव म्हणाला. तो चहा मला गोड लागला नाही. बापाची चूक चव्हाट्यावर मांडून आपण सुटलो, असं वाटत राहिलं.

तू लिहिलं होतंस की आबांचा राग येईल याची भीती वाटते. झेरॉक्स वाचून मला आला. दोन दिवस राहिला. मग आठवलं, त्या वर्षी जुलैत ते एकाएकी माझ्याशी मऊ बोलू लागले होते, काय हवं, काय नको विचारायचे. मला वाटलं तुझ्या ऑपरेशनची धास्ती. तेवढंच त्यांना सांगता आलं असेल.

सोमवारची हजेरी बंद झाली. गुन्ह्यातून नाव पूर्ण निघायला अजून एक तारीख आहे, तोवर देव पाण्यात ठेवायला हरकत नाही. तुझ्या काकूनं हे पत्र लिहिताना विचारलं की पोरीला काही पाठवायचं का. मी म्हटलं तू सांग. ती म्हणाली की ये म्हणा एकदा, बोलायचं आहे. काय बोलणार ते मी विचारलं नाही, तूही जिना चढून आल्यासारखी थांबून थांबून ये.

आता काम. बंदूक वारसाच्या नावानं जमा करायचा अर्ज पुन्हा द्यायचा आहे, पहिला रद्द. तो तूच लिही. दुसऱ्या कोणाकडून मी लिहून घेणार नाही. वस्तूचं नाव काय लिहायचं ते तुझं तू ठरव, पूर्ण लिही नाहीतर अर्धं लिही, मी सही करीन. फक्त या वेळी वाचून करीन.

तुझ्यावर लोभ आहे हे लिहून कळवायची वेळ या घरात पुन्हा कोणावर न येवो.

तुझा काका,
माणिक